सराई आणि गावकूस

॥ राम कृष्ण हरि ॥

सज्जनहो, या खेपेस आम्ही निरूपणाला अभंग घेतलेला नाही, एक गाव घेतले आहे. गावाचे नाव फर्दापूर. अजिंठ्याचा घाट उतरून जळगावच्या वाटेला लागले की पायथ्याशी हे गाव लागते. तालुका सोयगाव. छत्रपती संभाजीनगराहून अंतर सुमारे शंभर किलोमीटर. १८१९ साली शिकारीस आलेल्या एका इंग्रज अंमलदाराच्या नजरेस अजिंठ्याची लेणी पडली, आणि १९८३ साली त्यांचे नाव जागतिक वारशाच्या यादीत गेले. तेव्हापासून फर्दापूरच्या वाटेने साऱ्या दुनियेचे पाय चालत आहेत. लेणी पाहावयास आलेल्यांच्या गाड्या येथल्या तिठ्यावर थांबतात आणि पुढची चार-पाच किलोमीटरची वाट एस. टी. च्या बसने करावी लागते. म्हणजे असे पाहा, की ज्या गावात दिवस उगवला की अनोळखी माणूस येतो आणि मावळला की जातो, असे हे गाव. अशा गावाने आपली राखण कशी करावी? हा प्रश्न वरवर पोलिसाचा दिसतो. आमच्या मते तो परमार्थाचाही आहे.

फर्दापुरात मोगल अमदानीतली सराई आहे. सराई म्हणजे काय, हे आजच्या मुलांना सांगावे लागेल. चारी बाजूंनी भक्कम भिंत, भिंतीला लागून ओवऱ्या, आणि एक मोठा दरवाजा. दिवस मावळला की दरवाजा लागायचा. आत व्यापारी असे, यात्रेकरू असे, फकीर असे, बैरागी असे. कोण कुठला, याची पंचाईत नाही. दारातून आत आला तो राखणीत आला. डोंगराची वाट, रानातले जनावर, वाटमाऱ्याची भीती, हे सारे भिंतीच्या बाहेर राहिले.

दुसरी एक भिंत आपल्या सर्वांना माहीत आहे. तिला आपण गावकूस म्हणतो. तीही राखणीसाठीच बांधलेली. पण दोन्ही भिंतींत फरक आहे, बरे का! सराईची भिंत परक्याला आत घेऊन राखते. गावकूस परक्याला बाहेर ठेवून आपल्याला राखते. आणि गावकुसाने बाहेर नुसता परकाच ठेवला नाही. ज्यांच्या श्रमावर गाव उभा, अशी आपलीच माणसेही पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या बाहेर ठेवली.

चोखोबारायांचा अंत कसा झाला हे वारकऱ्याला सांगणे नको. मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालले होते. ज्यांना त्या भिंतीच्या आत घर बांधण्याची मुभा नव्हती, त्यांच्याच खांद्यावर तिचे दगड होते. ती भिंत कोसळली आणि चोखोबा तिच्याखाली गेले. परंपरा ते साल १३३८ चे सांगते. पुढे नामदेवराय तेथे गेले, त्यांनी ढिगाऱ्यातून हाडे वेचली, ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती चोखोबांची म्हणून ओळखली, आणि पंढरपुरास महाद्वारापाशी समाधी दिली. आपण दरवर्षी त्या समाधीवर माथा ठेवतो. माथा ठेवतो, पण त्या भिंतीचा विचार करतो का? गाव सुरक्षित करावयास निघालेली भिंत गावातल्या सर्वांत निर्मळ माणसावर पडली. सुरक्षेच्या नावाखाली काय होऊ शकते, याचा इतका स्पष्ट दाखला आम्हांस दुसरा ठाऊक नाही.

असो. आता ना सराईचा दरवाजा लागतो, ना गावाला कूस राहिली. गावाच्या उशाशी हमरस्ता आहे, हाताहातात फोन आहे. मग आज गावाची भिंत कोणती? आमचे म्हणणे असे, की गावची माणसे हीच गावाची भिंत, आणि सरकारचा कायदा हा तिचा चुना. नुसते दगड रचले तर ढासळतात. नुसता चुना कालवला तर भिंत उभी राहत नाही. दोहोंचा सांधा जमला पाहिजे.

हा सांधा जमवण्याची सोय आपल्या राज्यात पुष्कळ आहे, ती ठाऊक मात्र थोड्यांना आहे. वंशपरंपरेची पाटीलकी गेली आणि १९६७ च्या ग्रामपोलीस कायद्याने पोलीसपाटील आला. तो गावचाच रहिवासी असतो, आणि आता कित्येक गावी ही जबाबदारी बायाही उत्तम सांभाळतात. गावातली खबर ठाण्याला आणि ठाण्याचा निरोप गावाला, हे त्याचे काम. महाराष्ट्र पोलीस कायद्यात ग्रामसुरक्षा दलाची सोय आहे. हे दल उभारण्याचा अधिकार पोलीस अधीक्षकाचा आणि त्यातले स्वयंसेवक गावचे. १५ ऑगस्ट २००७ रोजी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. बांधाचा, पाण्याचा, भाऊबंदकीचा तंटा चावडीवरच सामोपचाराने मिटावा, हा तिचा हेतू. संकटसमयी ११२ हा आकडा फिरवला की पोलिसांची मदत मिळावी अशी व्यवस्था आहे आणि आजाऱ्यासाठी १०८ ची गाडी आहे. गावातल्या दारूच्या दुकानाने संसार बुडत असतील तर बायांनी मतदान करून, आडव्या बाटलीला निम्म्याहून अधिक मते देऊन, ते दुकान बंद करण्याची वाट कायद्याने मोकळी ठेवली आहे. माळ घातलेल्या माणसाला दारूबद्दल आम्ही काय सांगावे! पण रात्रीची मारामारी आणि बाईच्या अंगावर पडलेला हात यांच्या मुळाशी बहुतेक वेळा काय असते, हे गावाला ठाऊक असते.

फर्दापुरास स्वतःचे पोलीस ठाणे आहे, हे त्या गावाचे भाग्य. पण ठाणे एक आणि त्याखाली गावे अनेक. वाड्यावस्त्या डोंगराच्या कडेने पसरलेल्या. ठाण्यातली मोजकी माणसे रात्री सगळीकडे पुरी कशी पडणार? म्हणून गावाने हात द्यावा लागतो. हा हात कसा द्यावा, याचे उदाहरण शोधावयास आपल्या जिल्ह्याबाहेर जाण्याचे कारण नाही.

पैठणचे एकनाथमहाराज कुणाचे शिष्य? जनार्दनस्वामींचे. आणि जनार्दनस्वामी कोण? देवगिरीचे किल्लेदार. म्हणजे राज्याचे अधिकारी! आमच्या सांप्रदायात एवढा मोठा परमार्थ एका सरकारी अंमलदाराच्या घरी वाढला, हे आपण विसरतो. कथा अशी सांगतात, की स्वामी एकदा ध्यानस्थ असता किल्ल्यावर शत्रू चालून आला. गुरूची समाधी मोडू नये म्हणून नाथांनी स्वामींचे चिलखत अंगावर घातले, घोड्यावर बसले, फौज पुढे नेली आणि शत्रूला परतवले. लोक या कथेतला पराक्रम सांगतात. आम्हांस तिच्यातला पुढचा भाग मोलाचा वाटतो. काम झाल्यावर नाथांनी चिलखत उतरवून जागच्या जागी ठेवले आणि पुन्हा सेवेला लागले. कुणाला एक शब्द सांगितला नाही. चिलखत ज्याचे, अधिकार त्याचा. आपण गरजेपुरते घातले, गरज सरली, उतरवले. ग्रामसुरक्षा दलाच्या पोराला जी शिटी आणि काठी मिळते, ती नाथांनी घातलेल्या चिलखतासारखी आहे. ती आपल्या मालकीची नव्हे, नेमून दिलेल्या कामाची आहे. ज्याला ती खाली ठेवता येते त्यानेच ती उचलावी.

ही गोष्ट आम्ही इतकी ताणून का सांगतो, तर ती न कळल्यामुळे काय झाले हे महाराष्ट्राने डोळ्यांनी पाहिले आहे. २०१८ च्या जून महिन्यात आपल्याच जिल्ह्यात, वैजापूर तालुक्यात, चोर समजून जमावाने काही माणसांना मारले, त्यांत दोघांचा जीव गेला. पुढच्याच महिन्याच्या पहिल्या तारखेस, १ जुलै २०१८ रोजी, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यास आठवड्याचा बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसे तेथे भिक्षा मागत आली. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशी आवई फोनवरून गावोगाव पसरलेली. कुणीतरी बोट दाखवले. लोक धावले. पाचांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि ठेचून मारले. पोलीस आले ते जमावापुढे अपुरे पडले. ती माणसे निरपराध होती. भिक्षेवर पोट भरणारी होती.

मायबापहो, चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण आपण सहज वापरतो. तेथे ती अक्षरशः खरी झाली. आणि ती माणसे कुठली होती? पाचांपैकी बहुतेक मंगळवेढे तालुक्यातली. ज्या मातीत चोखोबांवर भिंत पडली, त्याच मातीतली. देवाच्या गळ्यातला हार चोरल्याचा आळ चोखोबांवर आला, त्यांना शिक्षा फर्मावली गेली, ही कथा आपण कीर्तनात ऐकतो आणि डोळे पुसतो. ऐकताना आपण नेहमी चोखोबांच्या बाजूला उभे असतो. पण बाजाराच्या दिवशी, आवई उठलेली असताना, समोर फाटक्या कपड्यांतला अनोळखी माणूस असताना आपण कोणत्या बाजूला उभे राहू? कीर्तनाची परीक्षा मंदिरात होत नाही, ती अशा वेळी होते.

मारणारे लोक दुष्ट होते, असे म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. त्यांना आपल्या लेकरांची काळजी होती. काळजी खरी, भीती खरी, बातमी मात्र खोटी. खऱ्या काळजीला खोटी बातमी मिळाली की माणसाचा जमाव होतो, आणि जमावाला तोंडे शंभर असली तरी विवेक एकालाही उरत नाही. २०२४ च्या पावसाळ्यात मराठवाड्याच्या कित्येक गावांत रात्री आकाशात ड्रोन फिरतात, ते चोरांचे आहेत, अशी बोलवा उठली आणि गावेच्या गावे काठ्या घेऊन जागली. जागण्यात दोष नाही. वारकऱ्याचा तर जन्मच जागरात जातो. पण एकादशीच्या जागरात आणि भीतीच्या जागरात अंतर आहे. एकादशीचा जागर माणसाला सावध करतो. भीतीचा जागर माणसाला आंधळा करतो. जागा असूनही त्याला समोरचा माणूस दिसत नाही, चोर दिसतो.

येथे कुणी विचारील, आणि रास्त विचारील, की महाराज, हे सांगणे सोपे आहे. ज्याच्या गोठ्यातली बैलजोडी गेली त्याला विचारा. ज्याच्या शेतावरची मोटार चोरली, ज्याच्या म्हातारीच्या गळ्यातली पोत ओढली, त्याला विचारा. फोन केला तर गाडी उशिरा येते, तोवर चोर डोंगरापार होतो. हातात सापडलेल्याला सोडावे काय?

नाही, सोडू नये. कायदाही सोडा म्हणत नाही. डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्यास साध्या माणसालाही धरता येते. पण १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेने स्पष्ट सांगितले आहे, की त्याला विनाकारण उशीर न लावता, सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यावे. धरणे तुमचे, तोलणे न्यायासनाचे. आणि ‘डोळ्यांदेखत’ या शब्दाकडे लक्ष द्या. फोनवर वाचले म्हणून नव्हे. वेश वेगळा म्हणून नव्हे. बोली कळत नाही म्हणून नव्हे. गाव करी ते राव न करी, हे खरे. पण गावाच्या हातून पाप घडले तर ते धुण्यास रावही पुरा पडत नाही.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर आमचे बोलणे एकांगी होईल. गावाने हात आवरावा असे म्हणावयाचे, तर सरकारने हात पुढे केला पाहिजे. हाक मारली आणि कुणी आलेच नाही, असे दोनदा झाले की तिसऱ्यांदा माणूस हाक मारत नाही, काठी उचलतो. म्हणून अंमलदारास ‘साहेब, या’ म्हणणे जितके गावाचे काम, तितकेच ‘साहेब, का आला नाहीत?’ हे नम्रपणे आणि लेखी विचारणेही गावाचे काम. फिर्याद कोणत्याही ठाण्यात देता येते, हद्दीचे कारण सांगून परत पाठवता येत नाही, आणि नोंदलेल्या फिर्यादीची प्रत फिर्यादीस फुकट मिळते. हे ग्रामसभेत वाचून दाखवावे. दिवे कुठे नाहीत, कोणत्या वस्तीवर गाडी पोहोचत नाही, याची नोंद ग्रामसभेच्या पुस्तकात यावी. भांडून मागणे आणि भीक मागणे या दोहोंच्या मधली एक वाट आहे. तिचे नाव नागरिकाचा हक्क.

आणि धोका केवळ चोराचाच असतो असे नाही. फर्दापूर घाटाच्या पायथ्याशी आहे, आणि उताराचा रस्ता जड वाहनाची परीक्षा पाहतो. घाटरस्ता काय करू शकतो, हे आपल्या सांप्रदायाने सोसले आहे. १९ नोव्हेंबर २०१९ रोजी पंढरपुराहून आळंदीस निघालेल्या नामदेवरायांच्या दिंडीत, पुण्याजवळच्या दिवे घाटात, ताबा सुटलेले जेसीबी यंत्र घुसले. नामदेवरायांच्या वंशातले सोपानमहाराज नामदास आणि आणखी एक वारकरी तेथे वैकुंठवासी झाले. ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी कार्तिकी वारीला निघालेल्या कोल्हापूरकडच्या दिंडीत सांगोले तालुक्यात जुनोनीजवळ संध्याकाळच्या वेळी पाठीमागून मोटार शिरली, सात जण गेले. ओठांवर नाम होते, हातात टाळ होते, आणि पाठीमागून येणारे मरण दिसले नाही. विठ्ठल राखील, हे खरे. पण विठ्ठल राखतो तो कुणाच्या तरी हातांनी राखतो. दिंडीच्या पाठीमागे लाल दिवा घेऊन चालणारा पोरगा, अंधार पडण्यापूर्वी मुक्कामाला बोलावणारा गावकरी, वळणावर शिटी वाजवणारा शिपाई, हे विठ्ठलाचेच हात. घाटरस्त्यावरच्या प्रत्येक गावाने वारीच्या दिवसांत ठाण्याशी बोलून असे चार हात उभे केले, तर ती पंगतीइतकीच मोठी सेवा होय.

मग करावे काय? आम्ही पाच नेम सुचवतो. माळेचे नेम पाळणाऱ्यास हे जड नाहीत.

पहिला नेम: आलेली बातमी स्वतः खात्री केल्याशिवाय पुढे पाठवू नये. पोलीसपाटलास विचारावे, ठाण्यास विचारावे. न कळल्यास आपल्याजवळच ठेवावी. परनिंदा वर्ज्य मानणाऱ्याने परक्याची निंदा फोनवरूनही करू नये.

दुसरा नेम: रात्रीचा पहारा ठाण्याला नावे कळवून, ओळखपत्र घेऊन, दोघातिघांनी मिळून करावा. पहाऱ्यावर प्यायलेला माणूस नसावा. मधल्या वेळी हळू आवाजात भजन म्हणावे. त्याने झोप उडते आणि डोकेही शांत राहते.

तिसरा नेम: गावाच्या सुरक्षा दलात गावची सगळी आळी असावी. ज्यांना एके काळी गावकुसाबाहेर ठेवले त्यांची मुले पहाऱ्यात असावीत, बाया असाव्यात, मशिदीकडची मंडळी असावीत, माळावर पाल ठोकून राहिलेल्यांपैकीही एखादा असावा. ज्याला पहाऱ्यात घेतला त्याच्यावर पहारा ठेवावा लागत नाही.

चौथा नेम: गावात आलेल्या अनोळखी माणसास प्रथम पाणी विचारावे, मग नाव विचारावे. पाणी पिताना माणूस बोलतो, आणि बोलला की बहुतेक शंका विरतात. न विरल्यास ठाणे आहे, ११२ आहे.

पाचवा नेम, आणि हा सर्वांत कठीण: जमाव जमला आणि कुणावर हात उठत असेल, तर वारकऱ्याने मध्ये उभे राहावे. मागे उभे राहून ‘अरेरे’ म्हणू नये. गळ्यातली माळ त्या वेळी दिसावी, म्हणूनच ती घातलेली आहे. दोघे जण पुढे झाले तर तिसरा येतो, आणि पोलीस पोहोचेतो एक जीव वाचतो.

ज्ञानोबामाउलींनी ग्रंथाच्या शेवटी विश्वात्मक देवाकडे जे मागणे मागितले, त्यात दुष्टांचा नाश मागितलेला नाही. त्यांच्या मनातले वाकडेपण जावे आणि जीवाजीवांत मैत्री व्हावी, एवढेच मागितले आहे. गावाच्या राखणीचेही तेच अंतिम साध्य. चोर कमी व्हावेत ते काठीच्या धाकाने थोडे, आणि गावाचे एकमेकांवर लक्ष, एकमेकांत बोलणे आहे म्हणून फार.

फर्दापूरच्या मंडळींना आमचे एवढेच सांगणे आहे. तुमच्या गावी सराई आहे. डोंगरवाटेने थकून आलेल्याला आत घेऊन राखण्याची रीत तुमच्या मातीला जुनी ठाऊक आहे. तुमचे सुरक्षा दल, तुमचा पोलीसपाटील, तुमचे ठाणे मिळून जी भिंत उभी कराल ती सराईची असू द्या, गावकुसाची नको. तिच्या आत तुमची लेकरे निर्धास्त झोपू देत, आणि लेण्यांना आलेला परदेशी पाहुणा, तिठ्यावर माळा विकणारा पोर, भिक्षेकरी गोसावी, घाट चढणारी दिंडी, हेही निर्धास्त असू देत.

पंढरीचा राणा युगानुयुगे विटेवर उभा आहे. भक्तांची राखण करतो, झोपत नाही, बसत नाही. आणि राखण करताना त्याचे हात कुठे आहेत? कमरेवर. उगारलेले नाहीत. पहाऱ्यावर निघताना प्रत्येकाने ते रूप एकदा डोळ्यांपुढे आणावे आणि मग शिटी गळ्यात अडकवावी.

॥ राम कृष्ण हरि ॥